परत आणायची पत्रिका

"दिलेली पत्रिका परत मागायची? बाई, असं कुणी करतं का?"

शांतवननं विचारलं तेव्हा सगुणाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी करायचे," त्या म्हणाल्या.

मी तिथंच पायरीवर बसलो होतो. मी दवाखान्यात औषधं देतो, आणि मंगळवारी दुपारी बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायचं काम माझं. त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

शांतवन पाटोळे आमच्या चर्चच्या मंडळीचा नवा सुवार्तिक, म्हणजे प्रचारक. वय सव्वीस. पुण्याच्या बायबल स्कूलमधून नुकताच आलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला शबनम, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याला मध्ये घड्याळ बघायचीही चोरी. पोरगा मनानं चांगला. पण उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आम्ही एकमेकांच्या कानात सांगून मोकळे झालो होतो. त्याच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं, कारण आमची मंडळी तशी भित्री.

सगुणाबाई ओहोळ ब्याऐंशीच्या. चाळीस वर्षं त्या मिशनच्या बायबलबाई होत्या. म्हणजे पायी गावोगाव जायचं, कुणाच्याही ओसरीवर बसायचं आणि बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. आता मिशन कंपाउंडच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहतात. नवा सुवार्तिक आला की पाळकसाहेब त्याला आधी त्यांच्याकडे धाडतात. "शिकून आलास, आता जरा शिकून ये," म्हणतात.

त्या दिवशी मात्र शांतवनला कुणी धाडलं नव्हतं. तो आपणहून आला होता, काखेत सुवार्तेच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन.

पत्रिका त्यानं स्वतः लिहिली होती. खास वृद्धांसाठी. चार पानी, गुळगुळीत कागद, आणि अक्षर ठळक, मोठं. मोठ्या अक्षराची कल्पना आपलीच, हे तो प्रत्येकाला सांगत होता.

शेजारच्या दवाखान्यात तेव्हा नेत्रशिबिर चाललेलं. पुण्याहून डॉक्टर आले होते. आसपासच्या वस्त्यांवरची म्हातारी माणसं मोतीबिंदू काढायला येऊन वॉर्डात पडली होती. सोमवारी संध्याकाळी शांतवन खाटांखाटांमधून फिरला. निम्म्यांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. पट्टी सुटल्यावर वाचतील, असा त्याचा हिशेब.

"एका संध्याकाळी सगळा वॉर्ड झाला, बाई! एक खाट सोडली नाही. आता दुसरी छपाई काढतोय. तुम्ही या गठ्ठ्यावर प्रार्थना करा."

"वाच बरं," बाई म्हणाल्या.

त्यानं घसा खाकरला. पहिल्या पानावर एकच ओळ होती.

"आज रात्री तुम्हाला मरण आले तर?"

मेथीची काडी बाईंच्या हातात तशीच राहिली.

"अक्षर मोठं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हाताऱ्या माणसांना दिसावं म्हणून."

"दिसलं असेल."

मग बाईंनी विचारलं, "परत आणायला कधी जाणार?" त्यावर शांतवन बुचकळ्यात पडला आणि "असं कुणी करतं का?" म्हणाला.

बाई उठल्या. आतून आपलं बायबल आणलं आणि त्यातून एक पत्रिका काढली. एकच. जुनी, पिवळी पडलेली, मागून खळ लावून लुगड्याच्या तुकड्यावर चिकटवलेली. घड्यांवर अक्षरं पुसून गेली होती.

"ही किती जणांना दिली असेल तुम्ही?" शांतवननं विचारलं.

"दिली कुठं? माझ्याकडेच आहे की."

"मग?"

"ठेवायला द्यायची. म्हणायचं, आजी, एवढी जपून ठेव, माझ्याकडे एकच आहे. आठ दिवसांनी न्यायला येते."

"आणि मग?"

"मग न्यायला जायचं."

"एवढंच?"

"एवढंच. त्यातच चाळीस वर्षं गेली."

शांतवन हसला. उद्धटपणे नाही, पण जुन्या माणसांच्या गोष्टींना हसतात तसं. "बाई, एका पत्रिकेनं किती लोकांपर्यंत पोचणार? मग छापखाने कशाला झाले?"

बाईंनी निवडलेली मेथी गोळा केली. भाजी धुवायला घेतली.

"तुझी एक परत आण," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "एकच. मग तुझ्या गठ्ठ्यावर प्रार्थना करते."

"कुणाची आणू?"

"सात नंबरच्या खाटेची."

शांतवनचा चेहरा पडला. सात नंबरची म्हातारी सोमवारी संध्याकाळीच कुणाला न सांगता निघून गेली होती. सिस्टर दिवसभर तिच्या नावानं चिडत होत्या. त्या आजीचं नाव ठकूबाई. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलेला. बुधवारी संध्याकाळी शेवटचं ऑपरेशन, गुरुवारी डॉक्टर परत. पुढचं शिबिर वर्षानं, आणि तोवर तो डोळा थांबणार नाही, असं डॉक्टरच म्हणाले होते. हे मी बाईंना मघाशीच सांगितलं होतं.

"पण ती पळून गेली, त्याचा पत्रिकेशी काय संबंध?" शांतवन म्हणाला.

"मी कुठं म्हटलं संबंध आहे? पत्रिका आण म्हटलं."

तो पाय आपटत गेला. मोटारसायकलचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

पुढचं मला शांतवननंच सांगितलं. सांगताना त्यानं स्वतःला कुठंही पाठीशी घातलं नाही, हे त्याच्या बाजूनं आधीच नोंदवतो.

वस्ती तीन-चार किलोमीटरवर. पत्र्याची एक खोली, पुढं ताजं सारवलेलं अंगण. ठकूबाई दारात बसल्या होत्या, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. नवरा कधीच गेलेला. एक लेक, ती लांब गुजरातेत कुठंतरी नांदते. घरात दुसरं माणूस नाही.

"कोन हाय? पांढरं काय दिसतंय?"

"मी शांतवन. दवाखान्यात भेटलो होतो, आजी. कागद दिला होता."

म्हातारीनं मान त्याच्या दिशेला केली.

"आलास व्हय बघायला? हाय अजून. नाय मेले."

"असं काय बोलता, आजी?"

"म्या कुठं बोलते? तूच लिव्हून दिलंस की. शेजारच्या खाटंवरच्या बाईच्या सुनंनं वाचलं. आज रातच्याला तुमाला मरन आलं तर, म्हनं." ठकूबाई थांबल्या. "म्या म्हनलं, दाक्तर लोकांकडं मशीन असतंय, त्यात दिसलं आसंल."

"ते डॉक्टरांचं नव्हतं, आजी."

"पांढरा शर्ट व्हता."

शांतवननं स्वतःच्या शर्टाकडं पाहिलं. इस्त्री कडक होती.

"मग शेवटच्या जीपनं घरला आले," म्हातारी सांगू लागली. तक्रार नव्हती, बाजारहाट सांगावा तसं सांगत होती. "घर सारवलं. कोंबडी शेजारी दिऊन टाकली. धुतलेलं लुगडं नेसले. दार उघडंच ठिवलं, सकाळी लोकास्नी तोडाया नको. आन् झाले आडवी. लई वाट बघितली."

"मग?"

"मग काय? उजाडलं. हाय मी इथंच. कोंबडी मातर गेली."

त्याला हसू आलं होतं. ते ओठांपर्यंत येऊन थांबलं आणि परत गेलं.

"पण आजी, मरण येणार असं वाटलं, तर दवाखान्यातच थांबायचं ना! तिथं डॉक्टर होते, औषधं होती. एकटं घरी कशाला यायचं?"

ठकूबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की दिसत नसूनही आपण वेड्यात निघालो हे त्याला कळलं.

"आरं, तिथं खाटंला खाट चिटकून. समद्या बाया सारख्याच, समद्यांचं डोळं झाकल्यालं. ते अंधारात यायचं. नंबर वाचून येतंय व्हय? चुकून शेजारनीला नेलं तर? तिच्या सुनंला सातवा म्हैना हाय. बाळतपन कोन करनार तिचं?"

…

"म्हनलं, आपलं हाय ते आपल्या घरी न्यावं. दुसऱ्याला कशाला धक्का."

शांतवन उकिडवा बसला होता तो खाली मातीतच बसला. शर्टाचं त्याला काही वाटलं नाही, असं तो म्हणतो.

बऱ्याच वेळानं त्याला आपण कशाला आलो ते आठवलं.

"तो कागद द्या, आजी. मी न्यायला आलोय."

"नेऊन काय करशील?"

"घेऊन जातो."

"आन् मग कुनाला देशील?"

त्याच्या तोंडावर उत्तर आलं होतं. सरळ, रोजचं उत्तर. त्यानं तोंड मिटलं.

"नाय द्यायची," ठकूबाई म्हणाल्या आणि कनवटीला हात घट्ट धरला. "माझ्याकडं आलंय, माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या दारात कशाला धाडू?"

"बरं, कुणाला नाही देत. माझ्या घरी ठेवतो."

"आई हाय तुला?"

"आहे."

"मग तर अजाबात नाय."

त्यानं तासभर समजावलं. पुण्यात शिकलेलं सगळं काढलं. हा नुसता प्रश्न आहे, भविष्य नाही. आत आनंदाची बातमी आहे. तुमचा डोळा वाचेल, डॉक्टर चांगले आहेत, चला. पालथ्या घड्यावर पाणी. फक्त घडा कुणाचा पालथा होता, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही.

"डोळा घिऊन काय करू?" म्हातारी शेवटी म्हणाली. "जे यायचंय ते बघाया डोळा लागतोय व्हय? जा, लेकरा. आई वाट बघत आसंल."

दिवेलागणीला शांतवन परत आला. बाईंच्या ओट्यावर बसला. शबनम खाली ठेवली नाही. बाई आत दूध तापवत होत्या.

"पत्रिका नाही मिळाली," तो म्हणाला.

"का?"

त्यानं सगळं सांगितलं. सारवलेलं अंगण, कोंबडी, उघडं ठेवलेलं दार. शेजारणीच्या सुनेपर्यंत आला आणि त्याचा आवाज फुटला. मोठा माणूस रडताना बघवत नाही, आणि हा तर त्यातही पाठांतर केलेला सुवार्तिक.

"बाई, चौथ्या पानावर मी हेच लिहिलंय. एकानं वधस्तंभावर सगळ्यांचं मरण आपल्यावर घेतलं, म्हणून बाकीचे सुटले. माझ्याच हातानं लिहिलंय मी." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पण त्या सुनेनं पहिलंच पान वाचलं. चौथं पान या म्हातारीला माहीतच नाही."

दूध वर आलं, बाईंनी फुंकर मारून ते खाली बसवलं.

"उद्या जातो आणि चौथं पान समजावून सांगतो."

"नको."

"मग काय करू? उद्याचा एक दिवस उरलाय. तिचा डोळा जाईल, बाई. माझ्यामुळे जाईल."

"हे तिला सांगितलंस?"

"काय?"

"आत्ता बोललास ते."

शांतवननं शबनम खांद्यावरून काढली.

"ते कसं सांगणार? मी तिथं सुवार्ता सांगायला जातो. यात सुवार्ता कुठली आली?"

बाईंनी भांडं उतरवलं.

"जेवून जा," त्या म्हणाल्या.

बुधवारी सकाळी शांतवन पुन्हा त्या अंगणात उभा होता. शबनम घरी ठेवून आला होता. रस्ताभर त्यानं काही वाक्यं जुळवली होती, ती दारात पोचल्यावर सगळी पळाली.

"आजी, तो कागद दवाखान्याचा नव्हता. डॉक्टरांना काही दिसलं नव्हतं. मी लिहिला. म्हाताऱ्या माणसाच्या उरात धडकी भरेल असा लिहिला, आणि छान जमलाय म्हणून लोकांना दाखवत सुटलो."

ठकूबाई ऐकत होत्या.

"तुम्ही नाही आलात तर तुमचा डोळा जाईल. तो माझ्यामुळे जाईल. मला जन्मभर ते सोसायचं नाही. मला यातून सोडवा, आजी."

… आत चुलीवर काहीतरी खदखदत होतं.

"भ्यालास व्हय?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"लई?"

"लई."

"मग हे आधी नाय का बोलायचं? काल तासभर काय बडबडत व्हतास?"

ठकूबाई भिंतीला धरून उठल्या. चूल विझवली. दाराची कडी लावून तिला सुतळीनं बांधलं, दोनदा ओढून बघितलं.

"चल. एवढ्यासाठी कुनी रडतंय व्हय? एक डोळा तर कापायचाय."

"आणि कागद, आजी?"

"हाय माझ्याकडं. त्याची तू काळजी करू नगं."

मोटारसायकलवर त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या. खड्डा आला की त्याच्या शर्टाचा बोळा करून मुठीत धरायच्या. दवाखान्यात पोचला तेव्हा शांतवनच्या पाठीवर पाच बोटांची कायमची चुणी पडली होती.

पुढचं माझ्या समोरचं.

सिस्टर दोघांवर तुटून पडल्या. पेशंट असे पळतात का, यादी संपली, आता डॉक्टरांना कोणत्या तोंडानं सांगू. शांतवन मान खाली घालून ऐकत राहिला. नेहमीचा शांतवन असता तर सिस्टरनाच दोन वचनं ऐकवली असती. शेवटी सिस्टरनी यादीच्या तळाशी नाव घातलं. बोलायला कडक, पण बाई देवमाणूस.

"सात नंबर रिकामीच आहे. जाऊन पडा."

"सात नगं," ठकूबाई म्हणाल्या. "मला कडंची द्या. दाराजवळची. येकटी."

"ती वाऱ्याची खाट आहे, आजी. तिथं कुणी झोपत नाही."

"म्हनूनच."

सिस्टरना कळलं नाही. शांतवनला कळलं. तो खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी गोळ्यांच्या डब्या उगाचच इकडच्या तिकडं करत बसलो. मला सांगायला लाज वाटत नाही, माझेही डोळे भरून आले.

संध्याकाळी सगळ्यांत शेवटी ऑपरेशन झालं. चांगलं झालं.

गुरुवारी सकाळी डॉक्टर पट्ट्या सोडायला आले. त्यांचं सामान गाडीत भरून तयार होतं. सगुणाबाई काठी टेकत वॉर्डात आल्या. कंपाउंडच्या बाहेर त्या पडल्या त्याला दोन महिने तरी झाले असतील. कुणी बोलावलं नव्हतं. येऊन दाराजवळच्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. ठकूबाईंना त्यांनी आपलं नाव सांगितलं, एवढंच.

पट्टी निघाली. ठकूबाईंनी डोळा मिचकावला, पाणी पुसलं, पुन्हा उघडला.

पहिला समोर आला तो शांतवन.

"ह्योच व्हय तू? मला वाटलं, मोठा मानूस आसशील."

सगळा वॉर्ड हसला. शांतवनही हसला. इथं आल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण ठकूबाईंचं लक्ष केव्हाच पुढं गेलं होतं. त्या मान उंच करून एकेक खाट बघत होत्या. पहिली, दुसरी, तिसरी… सहा नंबरशी येऊन थांबल्या. शेजारीण उठून बसली होती, तिची सून पोट सावरत तिला चहा पाजत होती.

"समद्या हायती?" ठकूबाईंनी सिस्टरना विचारलं.

"आहेत की. कुठं जातील?"

"बरं झालं."

मग त्यांनी कनवटीला हात घातला. घडी करकरून लहान झालेला कागद काढला. थोडा वेळ हातात धरला आणि शांतवनपुढं केला.

"घे. आन् पुढचं वाच. काय लिव्हलंय ते तरी कळू दे. पयल्या पानालाच मी उठून गेले."

शांतवननं घडी उलगडली. ती चार पानं त्याला तोंडपाठ होती, झोपेत म्हणून दाखवली असती. त्यानं चौथं पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले, सिस्टर गेल्या, तरी तो तसाच.

शेवटी त्यानं सगुणाबाईंकडं पाहिलं. गुरुजींनी वर्गात उभं केलेल्या पोरासारखा तो दिसत होता.

"बाई… हे यांना वाचून दाखवू?"

सगुणाबाईंनी काठी बाजूला टेकवली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मांडी घालून नीट बसल्या, देवळात वचन ऐकायला बसतात तशा.

"दाखव," त्या म्हणाल्या. "कुठं चुकलं असेल, तर ती सांगेल."